मंद चालींत अडखळणारी फोर-व्हील गाडी : आधीं पंचनामा, मग पाना

आपल्या भागांत डांबरी रस्ता गांवापर्यंत आला, तरी गांवापासून मळ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा पावसाळ्यांत चिखलाचाच राहतो. म्हणून आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या पडवींत आज चारही चाकांना ओढ देणारें, म्हणजे सर्वांच्या बोलण्यांतलें ‘फोर-व्हील’ वाहन उभें असतें. कोणाकडे जुनी जीप, कोणाकडे लिलावांत घेतलेली जिप्सी, कोणाकडे नवी थार. आणि ट्रॅक्टरही फोर-व्हीलचा असावा अशी इच्छा आतां सर्वत्र दिसते. मुंबईंत विलिस जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. तेव्हांपासून या जातीचें वाहन आपल्या परिचयाचें आहे. परंतु वाहन परिचयाचें झालें म्हणजे त्याचा स्वभावही परिचयाचा झाला असें होत नाहीं.

या वाहनांविषयीं एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते. गाडी मोठ्या वेगांत बरी चालते. पण ताशीं दहा-वीस किलोमीटरच्या मंद चालींत थरथरते, बाजारसमितीच्या आवारांत वळवितांना कोणी मागून धरून ठेविल्याप्रमाणें ओढते, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतांच जागच्या जागीं थबकते. मालक बिचारा गाडी दुरुस्तीच्या कारखान्यांत नेतो. तेथें गाडीखालीं एकवार डोकावून त्यास सांगण्यांत येतें कीं, “पेटी खोलावी लागेल.” पेटी म्हणजे पुढच्या व मागच्या आंसांना शक्ति वांटून देणारी ट्रान्स्फर केस. ती एकदां उघडली म्हणजे चार-आठ दिवस गाडी अडकते, बेअरिंगें व सीलें बदललीं जातात, आणि ऐन सुगींत हातीं बिल येतें. आमचें म्हणणें असें आहे कीं, पेटी उघडण्याचें खरें कारण फार थोड्या गाड्यांत असतें. पुष्कळदां दोष वापरांत, टायरांत किंवा ब्रेकांत असतो, आणि तो मालकास स्वतःच्या अंगणांत, खडू व टेप घेऊन शोधतां येतो.

आमची उमर महसुलाच्या कामांत गेली. शेतावर न जातां चावडींत बसूनच पीकपाहणी भरली म्हणजे सातबाऱ्यावर काय काय उगवतें, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. उसाच्या जागीं ज्वारी आणि विहिरीच्या जागीं पड लागलेली आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. गाडीच्या बाबतींतही जागेवरील पाहणी आधीं व निकाल नंतर, हाच क्रम योग्य होय.

पाहणीचा आरंभ दांड्यापासून करावा. बहुतेक जीपवर्गी गाड्यांत फोर-व्हील ही कायमची नसून गरजेपुरती जोडण्याची सोय असते. दांडा टाकला म्हणजे पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांस घट्ट बांधले जातात व दोघांना एकाच गतीनें फिरावें लागतें. सरळ वाटेवर यांत अडचण नाहीं. वळणावर मात्र पुढच्या आंसाचा मध्य मोठ्या वर्तुळावरून जातो व मागच्याचा लहान वर्तुळावरून. मोजणीच्या कामांत ज्यांनीं काटकोन त्रिकोण मांडला आहे त्यांना हा हिशेब कठीण नाहीं. दोन आंसांतील अंतर २.५ मीटर धरावें आणि मागचा आंस ६ मीटर त्रिज्येनें वळतो असें समजावें. ६ चा वर्ग ३६, २.५ चा वर्ग ६.२५, बेरीज ४२.२५, व तिचें वर्गमूळ ६.५. म्हणजे पुढच्या आंसाची त्रिज्या ६.५ मीटर झाली. एका पूर्ण फेऱ्यांत मागच्या आंसास सुमारें ३७.७ मीटर चालावें लागतें, तर पुढच्यास ४०.८ मीटर. तीन मीटरांचा हा फरक कोणींतरी पोटांत घातला पाहिजे.

चिखलांत, वाळूंत किंवा नांगरट झालेल्या रानांत टायर थोडथोडे घसरतात व फरक मिटून जातो. डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घसरत नाहीं. मग तो फरक शाफ्टांत, दात्यांत व स्प्रिंगांत पीळ होऊन सांठतो. पीळ सोसवेनासा झाला म्हणजे एखादें चाक झटक्यासरशीं सुटतें, गाडी हिसका खाते, आणि पुन्हां पीळ भरूं लागतो. बाजारसमितीच्या आवारांत जाणवणारी ती ओढ व ते धक्के पुष्कळदां याहून दुसरें कांहीं नसतात. यंत्र नादुरुस्त नाहीं. तें चिखलासाठीं जोडलेलें असतां फरसावर चालविलें जात आहे, इतकेंच. वारंवार असें केल्यास मात्र तें खरोखरच नादुरुस्त होईल, आणि ओल्या घाटरस्त्यावर अशी बांधलेली गाडी वळण न घेतां सरळ जाऊं पाहते, हा जिवाचा धोका निराळाच.

दांडा मागें घेतला तरी पीळ तसाच राहूं शकतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. दांडा जागचा हलत नाहीं, किंवा हलला तरी फोर-व्हीलचा दिवा विझत नाहीं. अशा वेळीं दांड्यावर लाथ मारणारे चालक आम्हीं पाहिले आहेत. तसें करूं नये. सुकाणूं सरळ करावें, गाडी तीन-चार मीटर सावकाश मागें घ्यावी, अथवा बाजूच्या मातींत उतरवावी. पीळ उतरला कीं दांडा बहुधा बोटानें सरकतो. हें केल्यावर ओढ नाहींशी झाली तर पाहणी तेथेंच संपली.

कांहीं गाड्यांत पुढचीं चाकें त्यांच्या आंसापासून सोडविणारे हब असतात. कांहीं हातानें फिरवावयाचे, कांहीं निर्वाताच्या नळीनें चालणारे. नळीस चीर गेली किंवा आंत चिखल शिरला म्हणजे दांडा सुटूनही हब जोडलेलाच राहतो. त्यामुळें पुढचा शाफ्ट व क्राउन विनाकारण फिरत राहतात, थोडी ओढ लागते व आवाजही येतो. परंतु वळणावर गाडी आंखडत नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवावा. आंखडणें असेल तर दोन्ही शाफ्ट बांधलेले आहेत असें समजावें. नुसती जड चाल असेल तर कारण अन्यत्र शोधावें. कायमच्या फोर-व्हीलच्या गाड्यांत मध्यभागीं निराळा डिफरन्शियल किंवा दाट तेलाची व्हिस्कस जोडणी असते. तेथें मधला डिफरन्शियल कुलूपबंद राहिला, किंवा ती जोडणी निकामी होऊन घट्ट बसली, तर दांड्यास हात न लावतांही हेंच आंखडणें दिसतें. तेवढें काम मात्र जाणत्या कारागिराचेंच आहे.

आतां टायर. आमच्या मतें या विषयांतील सर्वांत महाग पडणारी काटकसर येथें होते. मागचे दोन टायर झिजले म्हणून मागचेच दोन नवे घालावयाचे, हा आपला नित्याचा व्यवहार. साध्या गाडींत तो खपून जातो. फोर-व्हीलमध्यें मात्र नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आणि जुन्याची २ मिलिमीटर उरली असेल, तर त्रिज्येंत ६ मिलिमीटरचा व घेरांत जवळजवळ पावणेचार सेंटिमीटरचा फरक पडतो. दांडा टाकला कीं सरळ रस्त्यावरसुद्धां पीळ भरूं लागतो, कारण वळणाचा फरक वळणापुरताच असतो, पण टायरचा फरक प्रत्येक फेऱ्यास लागू आहे.

आमच्या परिचयाच्या एका कांदा-बागायतदारांच्या जीपचें असेंच झालें. मळ्याची वाट कांहीं चिखलाची, कांहीं कठीण मुरुमाची. फोर-व्हील टाकून मुरुमावर आलें कीं गाडी थरथरे व दांडा अडके. तालुक्याच्या गांवीं एका कारखान्यांत पेटी उघडली गेली, बेअरिंगें बदललीं, पांच आंकडी बिल झालें, आणि गाडी जशी गेली तशीच परत आली. नंतर आम्ही उभयतांनीं तिचें मोजमाप केलें. चारही टायरांत पुस्तकाप्रमाणें हवा भरली, दांडा टू-व्हीलवर ठेविला, सपाट अंगणांत प्रत्येक टायरवर व त्याखालीं जमिनीवर खडूची खूण केली, आणि गाडी सरळ रेषेंत दहा फेरे ढकलली. पुढचीं चाकें २१.६ मीटर गेलीं, मागचीं २२ मीटर. एका फेऱ्यास चार सेंटिमीटर. म्हणजे किलोमीटरमागें पुढच्या चाकांनीं आठांहून अधिक फेरे जास्त करावयाचे! चार सारखे टायर बसविल्यावर दांडा मोकळा झाला. पेटींतून काढलेलीं बेअरिंगें त्यांनीं डब्यांत ठेविलीं आहेत. तीं आम्हीं हातांत घेऊन फिरविलीं, आम्हांस तरी त्यांत खोट दिसली नाहीं.

टायरचा नुसता घेर फितीनें मोजूं नये. गाडीचा भार पडल्यावर टायर दबतो, व हवा कमी असेल तर अधिकच दबतो. म्हणून फेरे घालूनच मोजावें. चालीस लागणारी ओढ केवळ हवा कमी असल्यानेंही वाढते, हें सांगण्याचीही लाज वाटावी इतकें साधें आहे, तरी हवेचा मापक घरीं असलेले सभासद आम्हांस फारसे आढळले नाहींत.

दांडा सुटा, टायर सारखे, आणि तरीही गाडी जड चालत असेल तर ब्रेकांकडे वळावें. सपाट रस्त्यावर चार-पांच किलोमीटर ब्रेक शक्य तितका न लावतां जावें, गाडी आपोआप मंदावूं द्यावी, आणि उतरून हाताची पालथी बाजू प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ न्यावी. टेकवूं नये, कारण अडकलेला ब्रेक हात भाजण्याइतका तापतो. एकच चाक तापलें असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीं किंवा बेअरिंग फार आंवळलें आहे. मागचीं दोन्ही तापलीं असतील तर हातब्रेकची तार गंजून अडकली असण्याचा संभव मोठा. पावसाळ्याच्या चिखलानंतर हें फार पाहण्यांत येतें. चारही तापलीं तर पेडलास मोकळीक उरली आहे कीं नाहीं हें पहावें.

चाक उचलून फिरवून पाहण्यापूर्वीं दोन गोष्टींविषयीं आम्ही कळकळीनें सांगतों. गाडींत पीळ भरलेला असतां चाक उचलल्यास तें एकाएकीं फिरतें. म्हणून आधीं पीळ उतरवावा. दुसरें असें कीं, जुन्या जीपांत हातब्रेक चाकांवर नसून पेटीच्या मागें शाफ्टवर असतो. अशा गाडीचें मागचें एक चाक उचललें कीं तो ब्रेक गाडीस धरून ठेवूं शकत नाहीं, कारण उचललेलें चाक मोकळें फिरून दुसऱ्यास वाट देतें, आणि गाडी जॅकवरून घसरते. जमिनीवरील चाकांस पुढून मागून दगड लावावे, आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये.

ओढीचें असें झालें. थरथरीची परीक्षा निराळी आहे. येथें कान व घड्याळ उपयोगीं पडतें. ताशीं २० किलोमीटर म्हणजे सेकंदास साडेपांच मीटर. चाकाचा फेरा २.२ मीटरचा धरिला तर चाक सेकंदास अडीच वेळां फिरतें, म्हणजे दहा सेकंदांत २५ ठोके. इतके ठोके शेजारीं बसलेल्या मुलासही मोजतां येतात. मोजतां येण्यासारखा धक्का असेल तर दोष चाकांत किंवा टायरांत आहे: कोठें फुगवटी आली, आंतील पट्टा सुटला, किंवा पावसाळाभर गाडी एकाच जागीं उभी राहिल्यानें टायर एका बाजूस चपटा झाला. चपटेपणा थोडें चालल्यावर बहुधा निवळतो. फुगवटीचा टायर मात्र त्याच दिवशीं उतरवावा. शाफ्ट चाकाच्या चौपट फिरतो असें धरिलें, तर तोच वेग असतां तो सेकंदास दहा फेरे घेतो, आणि त्याचा क्रॉस दर फेऱ्यास दोनदां कमीजास्त होतो. तें मोजतां येत नाहीं; तो गुणगुणल्यासारखा थरार पायाखालच्या पत्र्यांत जाणवतो.

या क्रॉसच्या जोडणीचा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटचा, स्वभाव चमत्कारिक आहे. शाफ्ट कोनांत असला कीं एका बाजूनें एकसारखी गति दिली तरी दुसऱ्या बाजूस ती प्रत्येक फेऱ्यांत दोनदां वाढते व दोनदां घटते. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस एकमेकांशीं जुळवून बसविलेले असतात, तेणेंकरून एकाचा दोष दुसरा खाऊन टाकतो. शाफ्ट सोडवून ग्रीस करतांना मधली सरकती जोडणी एक-दोन दाते चुकून बसविली, तर जुळणी बिघडते व नव्याकोऱ्या क्रॉसनिशीं गाडी थरथरूं लागते. म्हणून शाफ्ट उतरविण्यापूर्वीं दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ ओढून घ्यावी. कित्येक शाफ्टांवर बाणांच्या खुणा मुळांतच असतात, चिखल पुसला कीं दिसतात. भार मोठा भरल्यानें किंवा स्प्रिंगा उंच केल्यानें शाफ्टचा कोन बदलतो, आणि मग गाडी जागेवरून निघतांना थरथरते. खतांच्या गोण्या भरल्यावरच जी थरथर येते तिचें मूळ येथें शोधावें.

झिजलेला क्रॉस ओळखणें सोपें आहे. इंजिन बंद करून, चाकांस दगड लावून, शाफ्ट दोन्ही हातांनीं पिळून पहावा. क्रॉसच्या टोपीजवळ हालचाल दिसली किंवा तांबूस गंजाची पूड आढळली तर आंतील सुया कोरड्या पडल्या आहेत. पुढून मागें गिअर बदलतांना ‘टक्’ असा आवाज येतो तोही याच दोषाचा. उसाचें पाचट, सुतळी किंवा तारेचा तुकडा शाफ्टवर गुंडाळला जाऊन सील कापतो, हा खास आपल्याकडील रोग. आणि चाकाच्या वाटींत वाळलेली काळी माती, हा दुसरा. ती खरवडून काढल्यावर थरथर गेल्याचीं उदाहरणें आम्हांस माहीत आहेत.

थरथर केवळ क्लच अर्धा सुटलेला असतांनाच येत असेल तर शाफ्टांस दोष देऊं नये. क्लचच्या पट्टीवर तेल गेलें असेल किंवा इंजिनाचे रबरी पाय ढिले असतील. त्याच वेगांत एक गिअर बदलून पहावा. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलली तर इंजिनाकडे, न बदलली तर चाकें व शाफ्ट यांकडे पहावें.

ट्रॅक्टरच्या मालकांसाठीं दोन शब्द. फोर-व्हीलच्या ट्रॅक्टरांत पुढचीं चाकें लहान असतात आणि तीं मागच्यांपेक्षां शेंकडा एक ते पांच इतकीं मुद्दाम अधिक जलद चालविलेलीं असतात, म्हणजे रानांत तीं सदैव किंचित् पुढें ओढीत राहतात. पुढचे टायर फार झिजले किंवा दुसऱ्या मापाचे बसविले तर हा आगाऊपणा नाहींसा होऊन पुढचीं चाकें उलट ब्रेकासारखीं अडूं लागतात. आणि रानांत उपयोगी पडणारी तीच घाई डांबरावर पुढच्या टायरांना घासून काढते. उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याकडे जातांना पुढची जोडणी न सोडणारे चालक मालकाचे टायर रस्त्यावर पेरीत जातात. त्यांना हें मालकानेंच समजावून द्यावयास हवें.

कारागिरांवर आमचा राग नाहीं. उत्तम कारागीर आम्हांस ठाऊक आहेत, आणि ते स्वतःच प्रथम खडू मागतात. परंतु पेटी उघडण्यापूर्वीं कोणत्या परीक्षेवरून दोष पेटींत ठरला, हें दोन ओळींत लिहून मागण्याचा मालकास हक्क आहे, आणि तो त्यानें बजावावा. तेलांत धातूचा चुरा निघाला, एका विशिष्ट गिअरांतच खडखड येते, पीळ उतरल्यावरही दांडा दात्यांत बसत नाहीं, अशीं कारणें लिहून मिळालीं तर पेटी अवश्य उघडावी. ‘आवाजावरून कळतें’ हें कारण आम्ही कागदावर घेणार नाहीं.

आपल्या संघाकडून यांत थोडें साहाय्य होण्याजोगें आहे. ३० मीटरची एक टेप, हवेचा एक चांगला मापक, लोखंडी स्टँडांच्या दोन जोड्या आणि ग्रीसगन इतकें साहित्य गोदामांत ठेवून सभासदांस नोंदवहींत सही घेऊन द्यावें. त्याचा खर्च संघास जड जाणार नाहीं. भिंतीवर एक तक्ता लावून त्यांत प्रत्येक गाडीच्या चारही टायरांचें दहा फेऱ्यांचें माप पावसाळ्यापूर्वीं व दिवाळीनंतर, असें वर्षांतून दोनदां लिहिलें जावें. अशी लेखी सूचना आम्हीं चिटणिसांकडे दिली आहे, आणि पुढील साधारण सभेपुढें ती यावी अशी आमची विनंति आहे. मापें घेण्यास दोन माणसें लागतात. त्यांपैकीं एकाचें काम आम्ही पत्करतों.